शरीराची मशागत

शेतकीच्या मासिकांत आरोग्यावर लेख कशासाठीं, असा प्रश्न कांहीं वाचकांच्या मनांत येणें स्वाभाविक आहे. बियाणें, खतें, ओलिताची सोय, पिकांवरील रोग व बाजारभाव हे आमचे नेहमींचे विषय होत. परंतु ज्या शेतकऱ्यानें ही सर्व माहिती उपयोगांत आणावयाची, तोच अंथरुणास खिळला तर उत्तम बियाणें व वेळेवर पडलेला पाऊस यांचा त्यास काय लाभ? ऐन पेरणींत आठ दिवसांचा ताप आला म्हणजे वाफसा निघून जातो व मजुरीचा खर्च वाढतो. आणि मोठें दुखणें उद्भवलें तर आधीं दागिना, मग जनावर व अखेरीस जमीन असा क्रम लागतो. म्हणून शरीर हें शेतीचें पहिलें भांडवल समजून त्याची निगा राखणें हा शेतकी शिक्षणाचाच एक धडा होय, असें आम्ही मानितों.

खेड्यांतील हवा मोकळी, अन्न ताजें व काम अंगमेहनतीचें. तेव्हां शेतकऱ्याची प्रकृति आपोआप चांगली राहते, असा एक समज आहे. त्यांत तथ्य आहे, पण तें अर्धेंच. श्रमाचा लाभ मोठा आहे हें खरें. डॉ. जेरेमी मॉरिस यांनीं १९५३ सालीं लंडन शहरांतील बसगाड्यांवरील नोकरांची पाहणी प्रसिद्ध केली. दिवसभर बसून गाडी हांकणाऱ्या चालकांपेक्षां, दुमजली गाडींत वारंवार जिने चढउतार करणाऱ्या वाहकांस हृदयविकार कमी होतो, असें त्यांस आढळून आलें. परंतु आज नांगरट ट्रॅक्टरनें होते, मळणी यंत्रानें होते व बांधापर्यंत मोटारसायकल जाते. जेवणाचें ताट मात्र मोटेच्या काळांतलें राहिलें आहे. ज्यांच्या हातून औत सुटलें आहे, त्यांनीं रोज अर्धा तास तरी झपाट्यानें चालावें. शेताची फेरी पायीं केली असतां पीकही डोळ्यांखालून जातें व शरीरासही व्यायाम घडतो. उलट ज्यांस आजही ओझीं उचलावीं लागतात, त्यांनीं कंबर वांकवून पोतें ओढूं नये. गुडघे मोडून खालीं बसावें, भार अंगालगत घ्यावा व पायांच्या बळावर उठावें. पन्नास किलोंचें पोतें दोघांनीं उचलण्यांत कोणताही कमीपणा नाहीं.

पाणी व ऊन

उन्हाळ्यांत दोन प्रहरपर्यंत काम करून एकदमच घटाघटा पाणी पिण्याची आपल्याकडे सवय आहे. ती योग्य नव्हे. तहान लागते तेव्हां शरीरांतील पाणी आधींच कमी झालेलें असतें. कडक उन्हांत श्रम करितांना दर पंधरा-वीस मिनिटांनीं एक पेला पाणी प्यावें व मधूनमधून सावलींत विसावा घ्यावा. लघवी गडद पिवळी होऊं लागली म्हणजे पाणी कमी पडत आहे असें समजावें.

ही बाब किती गंभीर आहे याचें उदाहरण मध्य अमेरिकेंत सांपडतें. एल साल्वादोर व निकाराग्वा या देशांत उंसाच्या फडांत राबणाऱ्या तरुण मजुरांचीं मूत्रपिंडें निकामी होत असल्याचें गेल्या कांहीं दशकांत आढळून आलें. मधुमेह व रक्तदाब हीं नेहमींचीं कारणें त्यांच्यापैकीं पुष्कळांत दिसेनात. कडक उष्णतेंत अतिश्रम व पाण्याचा तुटवडा हें त्यामागील एक प्रमुख कारण असावें, असें अनेक संशोधकांचें मत आहे. आणि पाणी, विसावा व सावली या तीन गोष्टींची शिस्त लावण्याचे प्रयत्न तेथें झाले आहेत. आपल्याकडील ऊंसतोड मजुरांस व त्यांच्या मुकादमांस यांतून घेण्यासारखें पुष्कळ आहे.

पाण्यावरूनच आणखी एक गोष्ट सांगतों. हगवणींत पाणी तोडण्याची जुनी चाल प्राणघातक आहे. १९७१ सालीं बनगांव येथील निर्वासितांच्या छावणींत डॉ. दिलीप महालनवीस यांनीं पटकीच्या रोग्यांस ग्लुकोज व क्षार घातलेलें पाणी तोंडानें पाजून मृत्यूंचें प्रमाण पुष्कळ खालीं आणिलें. त्या क्षारांचीं पाकिटें आज आरोग्य उपकेंद्रांत मिळतात. पाकीट नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यांत सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवावें आणि रोग्यास थोडें थोडें पाजीत राहावें. मिठाचें माप अधिक होऊं देऊं नये.

अन्न

ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळ, पालेभाजी व ताक हें आपलें जुनें जेवण आहे. त्यास गरिबीचें अन्न समजून मैद्याचीं बिस्किटें, पाव व तळलेले पुडे घरांत आणणें याला आम्ही सुधारणा म्हणत नाहीं. भारताच्या सूचनेवरून संयुक्त राष्ट्रसंघानें २०२३ हें वर्ष भरड धान्यांचें आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळिलें, तें उगाच नव्हे. या धान्यांत कोंडा टिकून राहतो, पोट भरल्याची जाणीव अधिक वेळ राहते, आणि बाजरींत पांढऱ्या तांदुळापेक्षां लोह पुष्कळ अधिक असतें. सोयाबीन, तूर, हरभरा पिकविणाऱ्याच्या घरीं डाळीचें वरण पातळ व्हावें, ही तर मोठीच विसंगति होय. विक्रीचा माल बाजारांत नेण्यापूर्वीं घरची वर्षाची डाळ बाजूस काढून ठेवावी.

दोन गोष्टींस मात्र आळा घातला पाहिजे. पहिली मीठ. दिवसाकांठीं सर्व मिळून पांच ग्रॅम, म्हणजे एक सपाट चमचाभर, मीठ पुरे, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. लोणचें, पापड, ठेचा व वरून घेतलेलें मीठ यांचा हिशेब केला तर ही मर्यादा एका जेवणांतच ओलांडली जाते. दुसरी साखर. दिवसांतून सहा कप चहा व प्रत्येकांत दोन चमचे साखर धरली तर केवळ चहांतून पन्नास ग्रॅमांहून अधिक साखर पोटांत जाते. शिवाय भूक मारण्यासाठीं चहा घेतला म्हणजे न्याहारी बुडते, तें नुकसान वेगळेंच. तेव्हां कप कमी करावे, चमचा अर्धा करावा. महिनाभरांत जीभ सरावते.

तंबाखू व मशेरी

बांधावर बसून चुना-तंबाखूची चिमूट देणें-घेणें हा आपल्याकडे स्नेहाचा प्रकार झाला आहे. पण त्या चिमटीनेंच तोंडाचा कर्करोग घरांत येतो. पहाटे मशेरी लावणाऱ्या आयाबहिणींनीं ती दांतांचें औषध आहे असें समजूं नये, तोही तंबाखूच. गुटख्यावर महाराष्ट्रांत २०१२ पासून बंदी आहे. तरी ज्यास तो खावयाचाच आहे त्यास तो मिळतो, म्हणून खरी बंदी घरांतूनच झाली पाहिजे. तोंडांत पांढरा वा तांबडा चट्टा दिसणें, दोन-तीन आठवड्यांत न भरणारा फोड, तोंड पुरतें न उघडणें, या खुणांपैकीं एकही दिसली तरी दुखत नाहीं म्हणून थांबूं नये. आरंभीं हा रोग पुष्कळदां दुखत नाहीं, हाच त्याचा मोठा दगा आहे.

औषधफवारणी

२०१७ सालच्या पावसाळ्यांत यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करितांना शेंकडों शेतकरी व मजूर विषबाधेनें रुग्णालयांत पडले व वीसाहून अधिक दगावले. पीक डोक्याइतकें वाढलेलें, हवा दमट, औषधें एकांत एक मिसळलेलीं, अंगावर संरक्षक कपडे नाहींत, अशीं अनेक कारणें तेव्हां पुढें आलीं. त्या घरांच्या दुःखांतून आपण शहाणपण घेतलें नाहीं तर तें व्यर्थ गेलें असें म्हणावें लागेल.

डब्यावरील त्रिकोणाचा रंग आधीं पाहावा. तांबडा रंग अत्यंत विषारी औषधाची खूण होय व हिरवा सर्वांत सौम्याची. दुकानदाराच्या सांगण्यावरून औषधें एकत्र करूं नयेत. पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे, मुखपट्टी, चष्मा व बूट यांवांचून पंप पाठीवर घेऊं नये. वारा पाठीशीं ठेवावा, भर दुपारीं फवारूं नये, नळीचें तोंड अडल्यास तोंडानें फुंकूं नये. काम संपतांच साबणानें स्नान करावें व ते कपडे वेगळे धुवावे. रिकाम्या डब्यांत पाणी वा धान्य कदापि भरूं नये. मळमळ, गरगरणें, घाम सुटणें, दृष्टि अंधुक होणें हीं लक्षणें दिसतांच काम टाकून रुग्णालय गांठावें, आणि डब्यावरील चिठ्ठी बरोबर न्यावी, म्हणजे डॉक्टरास उपाय ठरवितां येतो.

पाय, रात्र व झोंप

अनवाणी चालणें ही मातीशीं जवळीक खरी, पण १८९८ च्या सुमारास कैरो येथें आर्थर लूस या शास्त्रज्ञास असें दिसून आलें कीं, अंकुशकृमीचीं पिल्लें कातडींतून शरीरांत शिरतात. हे कृमि आंतड्यांत राहून रक्त शोषितात व माणूस फिका व दुबळा होतो. उघड्यावर शौचास जाणें व अनवाणी फिरणें या दोन सवयी मिळून हें चक्र चालू ठेवितात. शौचालयाचा वापर व पायांत पादत्राण हीं त्याचीं दोन सोपीं कुलुपें होत. गाडगे महाराजांनीं हातांत खराटा घेऊन गांवोगांवीं जें शिकविलें, त्यांत ही आरोग्याची दृष्टि होतीच.

विजेच्या पाळीमुळें पुष्कळांस रात्रीं पाणी धरावें लागतें. अशा वेळीं गुडघ्यापर्यंतचे बूट, विजेरी व काठी यांवांचून बांधावर पाऊल ठेवूं नये. घरीं जमिनीवर न निजतां बाजेवर निजावें व मच्छरदाणी अंथरुणाखालीं खोंचावी. निजलेल्या माणसास मण्यार चावण्याचा धोका त्यानें पुष्कळ टळतो. सर्पदंश झाल्यास चिरणें, चोखणें, करकचून बांधणें व मांत्रिकाकडे नेणें यांत वेळ दवडूं नये. तो अवयव हलूं न देतां रुग्णालयांत न्यावें. सर्पविषावरील लस हाच त्यावरील उपाय आहे. आणि रात्रीचें जागरण झालें तर दुसऱ्या दिवशीं ती झोंप भरून काढावी. अपुऱ्या झोंपेनें यंत्रावर बसणें हें आळसापेक्षां फार महाग पडतें.

घरची लक्ष्मी

घरांतील सर्वांचीं जेवणें झाल्यावर उरलेल्यावर भागविणें ही आपल्याकडील स्त्रियांची रीत आहे, व तिला आपण सद्गुण म्हणत आलों आहों. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वर्षांच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयानें ग्रस्त आढळल्या, हें त्या रीतीशीं जोडून पाहिलें पाहिजे. खुरपणी, कापूस वेंचणी, धारा काढणें व स्वयंपाक इतकीं कामें जिच्यावर आहेत, तिला सर्वांबरोबर व सर्वांइतकें ताट मिळणें हा उपकार नव्हे. पालेभाज्या, डाळी, बाजरी, शक्य तेथें अंडें वा मासळी तिच्या ताटांत असावी; जेवणावर लिंबू वा आवळा घ्यावा, कारण त्यानें अन्नांतील लोह अंगीं लागण्यास साहाय्य होतें, आणि जेवणालगत चहा घेऊं नये, कारण त्यानें तें अडतें.

मनाचें ओझें

शेवटीं जी गोष्ट सांगावयाची ती बोलण्यास अवघड आहे. पीक बुडालें, कर्ज थकलें, मुलीचें लग्न लांबलें, कीं कर्ता पुरुष बोलणें सोडतो. तो पारावर येत नाहीं, रात्र रात्र जागतो, जेवण टाकितो. घरच्यांस वाटतें, विचारलें तर त्यास अधिक वाईट वाटेल. वस्तुतः विचारल्यानें ओझें हलकें होतें. कर्जाचा हिशेब घरांतल्या माणसांसमोर मांडावा. सोसायटीच्या बैठकींत एखादा सभासद सलग दोनदां दिसला नाहीं तर कोणीतरी त्याच्या घरीं जावें. मनाच्या आजारास औषध व सल्ला आहे. २०२२ पासून सरकारनें टेली-मानस नांवाची सोय केली असून १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनीनें विनामूल्य बोलतां येतें. घरांत असा माणूस असेल तर शेतीचीं औषधें कुलपांत ठेवावीं. हा उपाय साधा वाटेल, पण त्यानें प्राण वाचतात.

आतां आरंभ कोठून करावा? सर्व एकदम करूं म्हणणाऱ्याचें कांहींच होत नाहीं, हें आपण शेतींत पाहतोंच. या महिन्यांत एकच सवय धरावी, पुढील महिन्यांत दुसरी. आणि वर्षांतून एक दिवस नेमून ठेवावा. पोळ्याच्या आदल्या दिवशीं आपण बैलांचे खांदे हळद-तुपानें मळतों व वर्षभर जूं वाहिलेल्या त्या खांद्यांकडे निरखून पाहतों. त्याच सुमारास तिशीवरील प्रत्येक स्त्रीपुरुषानें आरोग्य उपकेंद्रांत जाऊन रक्तदाब व साखर मोजून घ्यावी, तोंड तपासून घ्यावें व आंकडे वहींत टिपून ठेवावे. हे दोन्ही विकार पुष्कळ काळ कांहींही न दुखतां वाढतात. उताराची माती जशी दरसाल थोडी थोडी वाहून जाते व खडक उघडा पडेपर्यंत लक्षांत येत नाहीं, तसेंच हें आहे. माती वाहून गेल्यावर बांध घालण्यांत अर्थ नसतो, हें आमच्या वाचकांस सांगण्याची आवश्यकता नाहीं. सोसायटीच्या पंच मंडळींनीं पुढील पोळ्यापूर्वीं आपल्या गांवांत अशी तपासणी घडवून आणावी, इतकी विनंति करून हा लेख येथें पुरा करितों.