पुण्याच्या हवेतला धूर कुणाचा? असा लागतो माग



थंडी पडली की पुण्याची हवा बिघडल्याच्या बातम्या येतात. कुणी गाड्यांना दोष देतं, कुणी बांधकामांना, कुणी पाचट जाळणाऱ्या शेतकऱ्याला. खरं काय, हे शोधतात कसं ते बघू.

*पीएम २.५ म्हणजे काय?*
२.५ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण. केसाच्या जाडीच्या साधारण विसाव्या भागाएवढे. नाकात अडकत नाहीत, थेट फुफ्फुसात उतरतात.

*माग कसा काढतात?*
पंपाने हवा फिल्टरमधून ओढतात. अडकलेले कण प्रयोगशाळेत तपासतात. प्रत्येकाची खूण वेगळी:
▪️ काजळी जास्त: डिझेलचा धूर
▪️ सिलिकॉन, ॲल्युमिनियम: माती, रस्त्याची धूळ
▪️ पालाश आणि लेव्होग्लुकोसान: लाकूड, चूल, पाचट
▪️ अमोनियम नायट्रेट: गाड्या-कारखान्यांचा वायू आणि शेण-युरियातला अमोनिया हवेत एकत्र येऊन झालेले कण

मग वारा कुठून आला तेही बघतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सहा शहरांच्या अभ्यासात पुणे होतं, इथलं काम एआरएआयने केलं. पाषाणच्या आयआयटीएमची 'सफर' यंत्रणा पुण्यात २०१३ पासून हवा मोजते.

*निष्कर्ष काय?*
आरोपी एकटा नाही. शहरात गाड्या आणि रस्त्याची धूळ आहेच. पण पाचटाच्या धुराची खूण लपत नाही. थंडीत रात्री हवा जमिनीलगत कोंडते, तेव्हा संध्याकाळी पेटवलेला धूर वर जात नाही. शहराआधी तो आपल्याच वस्तीवर बसतो, म्हाताऱ्यांच्या आणि लेकरांच्या छातीत जातो. शिवाय पाचटातलं नत्र आणि सेंद्रिय कर्बही त्याच धुरात जातं. पैसा आपलाच जळतो.

*तोडणीनंतर काय करायचं?*
✅ एकरी साधारण ४ टन पाचट निघतं. जाळू नका. कुट्टी करून किंवा तसंच सरीत दाबा.
✅ एकरी ३२ किलो युरिया, ४० किलो सिंगल सुपर फॉस्फेट टाका. पाचट कुजवणारं ४ किलो जिवाणू संवर्धन शेणखतात मिसळून पसरा.
✅ लगेच पाणी द्या. युरिया उघडा राहिला तर अमोनिया होऊन उडतो. नुकसान आपलं आणि हवेचंही.
✅ खोडवा असेल तर बुडखे मोकळे ठेवा, फुटवा चांगला येतो.

तोडणीची तारीख ठरली की ग्रुपवर कळवा. शेजारचे दोघे-तिघे मिळून कुट्टी यंत्र आणलं तर भाडं परवडतं.