चिंबोरीचे कवच व भातावरील करपा : एक तुलनापाठ

उद्देश : बुरशी ही वनस्पती नव्हे, हे विद्यार्थ्यांस परिचित वस्तूंवरून पटवून देणे.

प्रस्तावना : ठाण्याच्या खाडीकाठच्या मुलास चिंबोरी ठाऊक असते, कल्याण-डोंबिवलीच्या आसपास जेथे भातशेती टिकून आहे, तेथील मुलाने करपाही पाहिलेला असतो. वर्गात चिंबोरीचे वाळलेले कवच व करपा पडलेले भाताचे पान शेजारी ठेवून विचारावे, "या दोहोंत सारखे काय?" बहुतेक मुले "काहीच नाही" म्हणतील. त्या उत्तरापासूनच पाठ सुरू करावा.

विवेचन : चिंबोरीच्या कवचात कायटिन नावाचे चिवट द्रव्य असते, चुन्याच्या क्षारांमुळे कवच कठीण होते. खोल समुद्राच्या तळाशी मृत प्राण्यांवर जगणारा, १८७९ साली शास्त्रज्ञांनी प्रथम वर्णिलेला महाकाय बॅथिनोमस हाही तिचा दूरचा आप्त. त्याचेही कवच कायटिनयुक्तच.

आता पानाकडे वळावे. राखी मध्य व तपकिरी कडा असलेला, होडीच्या आकाराचा हा ठिपका बुरशीने केलेला आहे. तिचा बीजाणू पानावर रुजून घुमटासारखी पेशी बनवतो. त्या पेशीत हवेच्या दाबाच्या सुमारे ८० पट दाब निर्माण होतो व त्या जोरावर बुरशी पान भेदून आत शिरते. या बुरशीच्या पेशीभित्तीतही कायटिनच असते. हे द्रव्य प्रथम ओळखले गेले तेही अळंब्यांत, १८११ साली, ब्राकोनो या फ्रेंच शास्त्रज्ञाकडून. भाताच्या पेशीभित्तीत मात्र मुख्यतः सेल्युलोज असते, कायटिन नसते. म्हणूनच कायटिनचे अंश जाणवताच रोप परका आल्याचे ओळखते व प्रतिकारास लागते.

भेदही सांगावा. चिंबोरी अन्न खाऊन पोटात पचवते. बुरशी पाचक रस बाहेर सोडून अन्न शोषून घेते. म्हणून बुरशी प्राणीही नव्हे. व्हिटेकर यांनी १९६९ साली मांडलेल्या पाच सृष्टींच्या वर्गीकरणात तिला स्वतंत्र स्थान आहे.

शिक्षकांस सूचना : 'बुरशी ही हरितद्रव्य नसलेली वनस्पती' हे वाक्य अनेकांनी विद्यार्थिदशेत पाठ केले असेल, ते आता शिकवू नये. रोगट पान निरोगी शेतातून नेऊ नये व पाठानंतर जाळून टाकावे.

उपयोजन : ढगाळ, दमट हवेत करपा वाढतो आणि नत्रखत जास्त झाल्यास बळावतो. पान निस्तेज दिसले की युरियाची आणखी एक मूठ टाकण्याचा मोह होतो. ते पान भुकेले आहे की बुरशीने ग्रासले आहे, हे आधी पाहावे, एवढे जरी विद्यार्थ्याने घरी सांगितले, तरी हा पाठ सफल झाला असे समजावे.