घर एक बोललं, की कुत्रं ऐकतं

मोत्याच्या तक्रारी तुझ्या आईकडून कळल्या. पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारतो, चपला पळवतो, हाक मारली की उलट दिशेला सुटतो आणि सिंबायोसिस विद्यापीठाच्या टेकडीकडे जाणाऱ्या पोरांच्या गाड्यांमागे धावतो. पोरी, कुत्रं मुद्दाम वाईट वागत नाही. ज्यात त्याचा फायदा होतो, ते ते पुन्हा करतं, एवढंच. बाबांनी सोफ्यावरून हाकललं आणि आईनं तिथंच पोळीचा तुकडा भरवला, तर सोफा सोडायचं त्याला कारणच काय? म्हणून पहिली शिकवणी घरातल्या माणसांची.

शब्द ठरवा. बस, थांब, ये, सोड. चारच पुरेत. कागदावर लिहून फ्रिजवर लाव आणि सगळ्यांनी तेच वापरा. एक ‘बस’ म्हणतो, दुसरी ‘सिट’, तिसरा ‘खाली बस की रे राजा’, यात त्यानं कुठला आवाज धरायचा? शब्द एकदाच उच्चार. दहादा म्हणालीस, तर दहाव्यांदा बसायचं असतं, असं तो शिकेल.

शाबासकी तिथल्या तिथं. खाऊचा तुकडा त्याच्या नाकाशी धर आणि हळूहळू डोक्यावरून मागं ने. नाक वर गेलं की ढुंगण आपोआप टेकतं. टेकल्याक्षणी शाब्बास म्हण आणि तुकडा दे. उठून इकडंतिकडं फिरल्यावर दिलास, तर तो उठल्याचा इनाम ठरतो. जेवणाआधी, पोटात भूक असताना, रोज दोनदा पाच-पाच मिनिटं पुरेत. कंटाळायच्या आत थांब.

खाऊ जपून निवड. उकडलेलं अंडं किंवा बिनमिठाचं, बिनमसाल्याचं चिकन, हरभऱ्याएवढे तुकडे करून. रविवारचा उरलेला रस्सा घालू नकोस. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला बाधतो. द्राक्षं, बेदाणे आणि चॉकलेट तर त्याला विषच. शिजवलेल्या हाडांच्या चिरफळ्या होऊन आतडी फाटतात, तीही नकोत.

उडी मारली तर पाठ फिरव. ओरडणं, हातानं ढकलणं हेसुद्धा त्याला लाडच वाटतात. हाताची घडी घालून वळायचं. चारही पाय जमिनीवर टेकले की वाकून कुरवाळायचं. पाहुण्यांना दारातच हे सांग. एकानं जरी ‘असू दे, मला आवडतं’ म्हणत जवळ घेतलं, तर आठवड्याची मेहनत पाण्यात.

चपला वर ठेव. साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यात पिल्लाचे दुधाचे दात पडून पक्के येतात. हिरड्या शिवशिवतात, मग काहीतरी चावायला लागतंच. फ्रिजमधलं थंड गाजर दे. चप्पल पळवली तर मागं धावू नकोस, त्याला तो खेळ वाटतो. खाऊ दाखवून ‘सोड’ म्हण. सोडली की खाऊ त्याचा, चप्पल तुझी.

‘ये’ म्हणून बोलावून कधी रागवू नकोस. आंघोळीला किंवा साखळीला बांधायलाही या शब्दानं बोलावू नकोस. त्या वेळी आपण उठून त्याच्याकडे जायचं. हाकेला आला की काहीतरी चांगलंच मिळतं, हे त्याच्या मनात पक्कं बसू दे. भात कापून झाल्यावर मोकळ्या खाचरात त्याला ने. जनावराचा कासरा असतो तशी वीस-तीस फुटांची दोरी पट्ट्याला बांध, लांब जाऊ दे आणि मग हाक मार. लावणी झालेल्या खाचरात मात्र त्याला सोडू नकोस. रोपं तुडवली तर शेजाऱ्याशी भांडण ठरलेलं.

गाडीचा पाठलाग आपोआप सुटत नाही. गाडी दर वेळी पुढं निघूनच जाते आणि मोत्याला वाटतं, आपणच हुसकावली. म्हणून फाटक लावलेलं असू दे. रस्त्यापासून दूर, दोरी हातात धरून बस. गाडी दिसली आणि तो उठायच्या आत त्याचं नाव घे. तुझ्याकडं वळला की खाऊ. तिथं जमलं की थोडं पुढं सरक.

काठी घेऊ नकोस. मारानं गुरगुरणं थांबतं, भीती थांबत नाही. गुरगुरणं म्हणजे चावण्याआधीचा इशारा. तो इशारा मारून बंद केलास, तर कुत्रं एक दिवस न सांगता चावेल. कामी येते ती ठरलेली शिस्त, पोलिसांची कुत्री बघ. पुण्यात सीआयडीचं श्वान प्रशिक्षण केंद्र आहे. १९९३च्या मुंबई बॉम्बस्फोटांनंतर ढीगभर स्फोटकं हुडकणारा जंजीर हा लॅब्राडॉर तिथंच तयार झाला. अशा कुत्र्यांना हाताळणारी माणसं ठरलेली असतात, शब्द ठरलेले असतात. घरालाही तोच नियम लावायचा.

दिवसभर साखळीला ठेवू नकोस. बांधून घातलेलं कुत्रं चिडकं होतं. सकाळ-संध्याकाळ भरपूर फिरव. दमलेल्या कुत्र्याला चपला आठवत नाहीत. रात्री मात्र घरात घे. मुळशीच्या डोंगरात बिबट्या आहे आणि अंगणात बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही.

शहाणं कुत्रं अचानक फिरलं, तर आधी डॉक्टर. कानात ठणका असेल, दात दुखत असेल, गोचीड असेल. रेबीजची लस पिल्लू तीन महिन्यांचं झाल्यावर आणि पुढं डॉक्टर सांगतील त्या तारखांना, चुकवायची नाही. कुठलंही कुत्रं कुणाला चावलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. मिरची, चुना, हळद काही लावायचं नाही.

घाई करू नकोस. घरात कळलेला शब्द अंगणात त्याला नवा वाटतो आणि रस्त्यावर आणखी नवा. आधी घर, मग अंगण, मग गल्ली, शेवटी लवळे फाट्याची गर्दी. एक पायरी पक्की झाल्याशिवाय पुढची नको.

टेबलाखालून पोळी सरकवणं बंद करायचं, हे तुझ्या आईला सांगायचं काम मी घेतो. थोरली बहीण आहे, माझं ऐकेल याची हमी मात्र नाही. मोत्याची देतो.