रॅमची पट्टी एक की दोन?

डिझाइनचे काम आणि खेळ यांसाठी घरीच संगणक जुळवायचा आहे, पण पैसे बेताचेच आहेत. अशा वेळी वेगळे ग्राफिक्स कार्ड न घेता, चित्रे रंगवणारा भाग पोटातच असलेला प्रोसेसर घेता येतो. २०२१ साली आलेला रायझन ५ ५६००जी हा त्यांपैकीच. मात्र या भागाला स्वतःची रॅम नसते. प्रोसेसरच्या रॅममध्येच तो वाटेकरी होतो.

मग १६ गिगाबाइटची एक पट्टी घ्यावी, की ८-८ च्या दोन? साठवण तर सारखीच! हिशेब करून पाहा. डीडीआर४-३२०० जातीची पट्टी सेकंदाला ३२० कोटी खेपा करू शकते. दर खेपेस ८ बाइट, म्हणजे २५.६ गिगाबाइट. दोन पट्ट्या दोन स्वतंत्र वाटांनी ५१.२ देतात. विहीर तीच, रहाट मात्र दोन. खेळातले दृश्य सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगवताना एकच वाट असली तर ती तुंबते आणि चित्र अडखळते. (नुसते निबंध टंकायचे असतील, तर हा फरक तुम्हांला जाणवणारही नाही.)

पट्ट्या बसवण्यापूर्वी मदरबोर्डची पुस्तिका पाहा. चार खाचा असल्यास प्रोसेसरकडून दुसरी व चौथी खाच बहुधा सांगितलेली असते. पहिल्या दोन खाचांत बसवल्यास दोन्ही पट्ट्या सहसा एकाच वाटेवर येतात.