कार्यशाळेत हाताने काय केले? – उद्योजकता, नेतृत्व व संभाषणकौशल्य यांचा प्रत्यक्ष सराव



आपल्यासारख्या अनेक संस्था वर्षातून एक-दोन वेळा तरुणांसाठी मार्गदर्शन शिबिर घेतात. फलक लागतो, खुर्च्या मांडल्या जातात, पाहुण्यांचे स्वागत होते. मग तीन वक्ते उद्योजकता, नेतृत्व आणि संभाषण या विषयांवर बोलतात. शेवटी आभार, चहा आणि प्रमाणपत्र. घरी जाताना मुले म्हणतात, "साहेब छान बोलले." पण त्या दिवशी मुलांनी स्वतः काय केले, असे विचारले तर उत्तर मिळत नाही. त्यांनी फक्त ऐकलेले असते. सुतारकाम ऐकून येत नाही, तसा धंदाही ऐकून येत नाही. कार्यशाळा कशी असावी, हे या लेखात अनुभवाच्या आधारे मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

एक फाइल परत गेली

मी बँकेत कारकून आहे. काही वर्षांपूर्वी आपल्याच समाजातील एक तरुण कर्जाची फाइल घेऊन आमच्या शाखेत आला. अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवण्याचे काम तो चार वर्षे दुसऱ्याकडे मजुरीवर करीत होता. कोणत्या सेक्शनचा भाव काय, एका खिडकीला किती वेळ लागतो, हे त्याला तोंडपाठ होते. पण फाइलमधील प्रकल्प अहवाल त्याने एका एजंटाकडून पैसे देऊन करून घेतला होता. अधिकाऱ्यांनी साधा प्रश्न विचारला, "दुकानाचे भाडे किती धरले आहे?" तो एजंटाच्या तोंडाकडे पाहू लागला. फाइल परत गेली.

तो अहवाल दुसऱ्याच कुणाच्या अहवालावरून उतरवलेला होता, हे मी काउंटरवर कागद घेतानाच ओळखले होते. तरीही मी काही बोललो नाही. आपले काम कागद पुढे सरकवण्याचे, असे मनाशी म्हणालो. त्याची मान खाली घालून जाणारी पाठ पाहिली आणि त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. पुढच्या रविवारी विहारात तो भेटला, तेव्हा आम्ही दोघे वही घेऊन बसलो. त्याच्याच तोंडचे आकडे दोन पानांत लिहून काढले. मॅनेजरची भूमिका मी केली आणि तेच प्रश्न त्याला चार वेळा विचारले. तीन महिन्यांनी त्याने नवी फाइल दिली. मागितली त्यापेक्षा कमी रक्कम मंजूर झाली, पण मंजूर झाली. त्या रविवारचे दोन तास हीच खरी कार्यशाळा होती, असे मला वाटते.

आपल्या परंपरेत याला आधार आहे

उद्योग म्हणजे परका विषय, नोकरी हीच आपली वाट, अशी समजूत आपल्यात आहे. तिला कारणेही आहेत. बडोद्याची नोकरी सोडून १९१७ साली मुंबईस परतल्यावर बाबासाहेबांनी शेअरविषयक सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. सल्लागाराची जात कळल्यावर गिऱ्हाईक येईनासे झाले आणि तो बंद करावा लागला. परदेशात अर्थशास्त्र शिकून आलेल्या माणसाची ही गत, तर इतरांची काय कथा! आज कायदा आपल्या बाजूने आहे. राज्यात १९७८ साली महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ स्थापन झाले. १९९० साली केंद्र सरकारने बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती लागू केल्या. २००५ साली पुण्यात दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री ही उद्योजकांची संघटना उभी राहिली. दार उघडले आहे. आत गेल्यावर काय बोलायचे आणि कोणता कागद दाखवायचा, ही तयारी आपल्याला करायची आहे.

तथागतांनी गृहस्थांना संपत्ती मिळवू नका असे सांगितलेले नाही. अंगुत्तर निकायात दीघजाणू नावाच्या कोलिय गृहस्थाला त्यांनी चार गोष्टी सांगितल्या आहेत. उट्ठानसंपदा म्हणजे कामात कसब व उद्योगीपणा. आरक्खसंपदा म्हणजे मिळवलेले सांभाळणे. कल्याणमित्तता म्हणजे चांगल्यांची संगत. समजीविता म्हणजे मिळकत व खर्च यांचा तोल राखून जगणे. सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग करण्यास सांगितले आहे. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग व्यवसायात आणि चौथा अडचणीच्या वेळेसाठी. कोणत्याही उद्योजकता वर्गाचा पहिला धडा हाच आहे.

पहिला सराव : हिशेब

प्रत्येकाने आपल्या मनातील धंद्याचा एका दिवसाचा हिशेब स्वतःच्या हाताने लिहावा. उदाहरणादाखल डबे करून देणाऱ्या एका भगिनीचा हिशेब घेऊ. रोज २० डबे, प्रत्येकी ८० रुपये, म्हणजे विक्री १,६०० रुपये. किराणा व भाजी ९००, गॅस १००, डबे पोचवण्याचा खर्च १५०. शिल्लक ४५० रुपये. ती म्हणेल, नफा ४५०. पण तिने स्वतःची मजुरी धरलेलीच नाही! रोजचे ४०० रुपये मजुरी धरली तर उरतात फक्त ५० रुपये. महिन्याचे २६ दिवस धरल्यास १,३०० रुपये.

आता तिने ५०,००० रुपयांचे कर्ज तीन वर्षांसाठी १२ टक्के व्याजाने घेतले, तर हप्ता सुमारे १,६६० रुपये येतो. म्हणजे हप्ता मजुरीतून, अर्थात मुलांच्या तोंडच्या घासातून जाणार. तेच २५ डबे झाले तर? विक्री २,००० रुपये. किराणा-भाजी १,१२५, गॅस १२०, पोचवणे १५० व मजुरी ४००, मिळून १,७९५ रुपये. रोज २०५ रुपये उरतात, महिन्याला ५,३३०. हप्ता जाऊनही पैसे राहतात. तेव्हा कर्ज घ्यावे की न घ्यावे, हा प्रश्न पाच डब्यांवर येऊन ठरतो. हे गणित स्वतः मांडले की मॅनेजरच्या प्रश्नाची भीती निम्मी जाते.

याच वेळी आणखी तीन सवयी लावाव्यात. एक, रोजकीर्द लिहिणे, मग ती शंभर पानी वहीत का असेना. दोन, घरचा पैसा व धंद्याचा पैसा वेगळा ठेवणे. तीन, मोबाइलवरून येणारे पैसे स्वतःच्याच खात्यात घेणे. अनेक जण भावाचा किंवा मित्राचा क्यूआर कोड लावतात. त्यामुळे विक्री होते, पण खात्यावर दिसत नाही. पासबुक हा छोट्या धंदेवाल्याचा सर्वांत मोठा साक्षीदार आहे, हे मी रोज पाहतो.

दुसरा सराव : सभा

नेतृत्व म्हणजे मोठ्या आवाजात भाषण, असा एक गैरसमज आहे. बाबासाहेबांनी जुलै १९५६ मध्ये मुंबईत राजकारणात प्रवेश करू इच्छिणाऱ्या तरुणांसाठी प्रशिक्षण विद्यालय सुरू केले. पहिल्या तुकडीत पंधराच विद्यार्थी होते. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर ते फार काळ टिकले नाही. परंतु नेता जन्माला येत नाही, त्याला रीतसर शिकावे लागते, हा त्यामागील विचार आपण विसरता कामा नये.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना त्यांनी भिक्खूसंघाचा दाखला दिला होता. आसनव्यवस्था, प्रस्ताव, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी हे संसदीय नियम संघाला ठाऊक होते आणि संघ ते पाळीत होता, असे त्यांनी दाखवून दिले. महापरिनिब्बान सुत्तात वज्जींच्या उन्नतीची जी सात कारणे आली आहेत, त्यांतील पहिली दोन सभेविषयी आहेत. वारंवार एकत्र जमणे, तसेच एकोप्याने जमून एकोप्याने उठणे. आपल्या सभा एकोप्याने सुरू होतात, पण उठताना एकोपा असतो का, हे प्रत्येकाने मनाशी विचारावे.

म्हणून कार्यशाळेत प्रत्यक्ष सभा घ्यावी. विषय खरा असावा, उदाहरणार्थ, जयंतीच्या वर्गणीतून शिल्लक राहिलेल्या रकमेचे काय करावे. एकाने अध्यक्ष व्हावे, एकाने विषयपत्रिका वाचावी, एकाने ठराव मांडावा, दुसऱ्याने अनुमोदन द्यावे, दोघांनी विरोध करावा, मते मोजावीत आणि एका भगिनीने इतिवृत्त लिहून तिथेच वाचून दाखवावे. विरोधात मत पडलेल्याने ठराव झाल्यावर तो मान्य करणे, हाही सराव आहे. आणि नेतृत्वाची खरी कसोटी म्हणजे कार्यक्रमानंतर आठ दिवसांच्या आत जमाखर्च विहाराच्या फलकावर लावणे. ज्याचा हिशेब उघडा, त्याच्या शब्दाला वजन.

तिसरा सराव : बोलणे

आपली मुले मित्रांत तासन्‌तास बोलतात, पण टेबलापलीकडे साहेब बसला की त्यांची जीभ अडखळते. ही भीती त्यांची एकट्याची नाही, पिढ्यान्‌पिढ्या उंबऱ्याबाहेर उभे केल्यातून ती आली आहे. मीही पहिल्यांदा कर्मचारी संघटनेच्या सभेत उभा राहिलो तेव्हा हातातला कागद थरथरत होता. भाषणाने ती भीती जात नाही, वारंवार बोलण्याने जाते.

यासाठी पाच वाक्यांचा सराव पुरेसा आहे :
१) मी कोण व हे काम किती वर्षे करतो.
२) मी काय विकतो किंवा कोणती सेवा देतो.
३) माझे गिऱ्हाईक कोण व ते माझ्याकडेच का येते.
४) महिन्याला किती उरते.
५) मला किती रक्कम हवी, कशासाठी हवी आणि हप्ता कशातून देईन.

दोन मिनिटांत ही पाच वाक्ये उभे राहून सांगायची. मग समोरचा मॅनेजर बनून विचारेल : उधारी किती आहे? माल कुठून आणता? आधीचे कर्ज थकले आहे का? पावसाळ्यात काम बंद पडले तर काय कराल? उत्तर माहीत नसेल तर "माहिती घेऊन उद्या सांगतो" म्हणावे. थाप मारू नये. इंग्रजी येत नसेल तर स्वच्छ मराठीत बोलावे. तथागतांनी चांगल्या वाणीची लक्षणे सांगितली आहेत. ती वेळेवर, सत्य, मृदू, हितकर आणि मैत्रीभावाने बोललेली असावी. बँकेच्या टेबलापुढेही हीच लक्षणे कामाला येतात. नम्रता म्हणजे लाचारी नव्हे, आणि स्वाभिमान म्हणजे आवाज चढवणे नव्हे.

एका दिवसाचा आराखडा

सभासद व विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी एक नमुना देत आहे. संख्या पंचवीसपेक्षा जास्त नसावी. पाच-पाच जणांचे गट करावेत.

सकाळी ९.३० : त्रिसरण-पंचशील, परस्पर ओळख.
१० ते १२ : एका दिवसाचा हिशेब मांडणे.
१२ ते १ : कोरा अर्ज भरणे, जातीचा दाखला, कोटेशन, उद्यम नोंदणी इत्यादी कागदांची यादी करणे.
१ ते २ : सहभोजन.
२ ते ३.३० : प्रत्यक्ष सभा व इतिवृत्त.
३.३० ते ५ : पाच वाक्ये व मॅनेजरचे प्रश्न.
५ ते ५.३० : पुढील तीस दिवसांत करावयाची एकच गोष्ट प्रत्येकाने लिहून देणे.

यात भाषणाला जागा ठेवलेली नाही, हे सुज्ञांच्या ध्यानात येईलच. पाहुणे जरूर बोलवावेत, पण त्यांना गटात बसवून प्रश्न विचारू द्यावेत. योजनांची नावे, मर्यादा व मुदती बदलत असतात, म्हणून त्या पाठ करून घेण्यापेक्षा चालू माहिती कुठे मिळते ते दाखवावे : जिल्हा उद्योग केंद्र, महामंडळाचे जिल्हा कार्यालय, तसेच बँकांमार्फत चालणारी ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, जिथे ग्रामीण तरुणांना मोफत प्रशिक्षण मिळते.

कल्याणमित्र कोण होणार?

एका दिवसाने माणूस घडत नाही. म्हणून दर पौर्णिमेला वंदनेनंतर अर्धा तास या पंचवीस जणांसाठी राखून ठेवावा. कोणी वही लिहिली, कुणाचा अर्ज अडला, कुठे अडला, हे तिथे बोलावे. आणि आपल्यातील जे नोकरीत आहेत, मग ते बँकेत असोत, जिल्हा परिषदेत, एस. टी. मध्ये वा न्यायालयात, त्यांनी प्रत्येकी दोन तरुणांचे कल्याणमित्र व्हावे. कर्ज मंजूर करून देणे आपल्या हातात नाही आणि ते सांगूही नये. मात्र कागद नीट वाचून देणे, खोटा आकडा दिसला तर "हा तुझा आकडा नाही" असे वेळीच सांगणे, एवढे आपल्या हातात निश्चित आहे. समाजामुळे आपण टेबलाच्या अलीकडे बसलो आहोत, हे ऋण फेडण्याची हीच रीत आहे. त्या दिवशी काउंटरवर मी गप्प बसलो. पुन्हा तसे घडू नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

पुढच्या वेळी कार्यशाळा संपल्यावर मुलांना प्रमाणपत्र जरूर द्या. पण त्याआधी प्रत्येकाच्या वहीतील हिशेबाचे पान तपासा.

जयभीम! नमो बुद्धाय!