शाळेतील जुना संगणक : दुरुस्ती की बदल?

शाळेतील संगणक मंदावला की तो बदलण्याचा विचार प्रथम सुचतो. दुरुस्त करून पुन्हा विक्रीस आलेला, बाजारात ज्यास 'रिफर्बिश्ड' म्हणतात असा संगणक स्वस्त पडेल असे वाटते. परंतु शाळेचा पैसा अनुदानाचा वा ग्रामस्थांच्या वर्गणीचा असतो. तो चुकीच्या ठिकाणी खर्ची पडला म्हणजे दुसरा लवकर मिळत नाही, आणि तेवढी वर्षे मुले संगणकास मुकतात. म्हणून शिक्षकांनी पुढील क्रमाने विचार करावा.

१. दोष शोधणे : मंदपणाची कारणे निरनिराळी असतात. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या कळा एकदम दाबल्यास 'टास्क मॅनेजर' उघडतो. नेहमीचे काम चालू असता 'मेमरी' सतत भरत आलेली दिसल्यास रॅम अपुरी समजावी. मेमरी मोकळी असून 'डिस्क'चा आकडा बराच वेळ शंभर टक्क्यांवर राहिल्यास बहुधा हार्ड डिस्क काम अडवीत असते. तिच्या जागी एसएसडी बसविल्यास तोच संगणक पुष्कळ जलद चालतो. दिनांक वारंवार मागे जात असेल, तर आतील नाण्याएवढा सेल बदलावा. दिनांक चुकल्यास अनेक संकेतस्थळेही उघडत नाहीत. एवढ्यासाठी यंत्र टाकून देणे म्हणजे चाकाची धाव निसटली म्हणून गाडी मोडीत काढण्यासारखे होय.

२. उरलेले आयुष्य : विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय व मान्य प्रोसेसर लागतो. इंटेलचे प्रोसेसर साधारणतः आठव्या पिढीपासून पुढचे चालतात. यंत्र सुस्थितीत असून या अटीत बसत नसेल, तर उबुंटूसारखी विनामूल्य लिनक्स प्रणाली पेनड्राइव्हवरून चालवून पाहावी. छपाईयंत्र, मराठी टंकलेखन व शाळेची ऑनलाइन कामे तीवर नीट होतात याची खात्री झाल्यावरच ती कायम बसवावी.

३. खरेदीतील दक्षता : प्रोसेसरचा क्रमांक अवश्य वाचावा. आय-५ ६५०० हा सहाव्या पिढीचा, तर आय-५ ८५०० हा आठव्या पिढीचा होय. सहाव्या पिढीचे यंत्र घेणे म्हणजे एक जुने देऊन दुसरे जुने आणणे. यंत्र तासभर समोर चालवून पाहावे, डिस्कची स्थिती तपासावी, आणि अधिकृत विंडोज व हमी यांची नोंद पावतीवर घ्यावी.

४. वार्षिक खर्च : एकूण खर्चास अपेक्षित वर्षांनी भागावे. समजा, ३,००० रुपयांच्या दुरुस्तीने यंत्र दोन वर्षे चालेल. वार्षिक खर्च १,५०० रुपये. १५,००० रुपयांचे यंत्र पाच वर्षे चालेल. वार्षिक खर्च ३,००० रुपये. येथे दुरुस्ती बरी. मात्र दुरुस्तीस ६,००० रुपये लागून यंत्र एकच वर्ष टिकणार असेल, तर बदल करणे हिताचे. प्रत्यक्ष दर दोन-तीन ठिकाणांहून लेखी मागवावेत. हाच हिशेब सातवीच्या वर्गास उदाहरण म्हणून घालता येईल.

५. जुन्या यंत्राची व्यवस्था : डिस्कवर मुलांची नावे, जन्मतारखा व आधार क्रमांक असतात. आवश्यक माहितीची प्रत काढून डिस्क पूर्णतः पुसून घ्यावी. केवळ फाइली काढून टाकल्याने माहिती नष्ट होत नाही. जडवस्तूसंग्रह नोंदवहीतील नोंद रीतसर निर्लेखनाच्या मंजुरीनंतरच कमी करावी. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ लागू आहेत; त्यामुळे असे यंत्र भंगारात न देता नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे पोहोचेल अशी व्यवस्था करावी.

हे सर्व मुद्दे शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत मांडून कारणांसह ठराव लिहावा. पुढे मुख्याध्यापक बदलले तरी यंत्र का राखले वा का बदलले, हे त्या ठरावावरून कळेल.