गुग्गुळाचा धूर दम्याला चालतो का?

प्रश्न : आम्ही चिकलठाण्यात दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहतो. सासूबाईंना दमा आहे. अगरबत्तीत केमिकल असतं म्हणून मी रोज गोवरीच्या निखाऱ्यावर गुग्गुळ-ऊद घालते. त्याने हवा शुद्धच होते ना? धुपाटणं कोणतं घ्यावं?
– एक वाचक, चिकलठाणा

उत्तर : ताई, गुग्गुळ झाडाचा डिंक असला तरी त्याच्या धुरातही अगरबत्तीसारखेच बारीक कण असतात आणि ते दमा वाढवतात. बंद खोलीत निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइडही साचतो. त्याला वास नसतो, म्हणून मला गोवरीचीच जास्त धास्ती वाटते.

पूजा मात्र अडत नाही. पंचोपचारातला एखादा उपचार जमत नसेल, तर त्याऐवजी अक्षता वाहण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. रोज निरांजन, उगाळलेलं चंदन आणि फुलं निःशंक मनाने वाहा. सणावारी धूप हवाच, तर लांब दांड्याचं जाड पितळी धुपाटणं घ्या, तळाशी राख पसरा आणि चिमूटभर ऊद गॅलरीत घाला. त्या वेळी सासूबाई आतल्या खोलीत, दार लावून. नंतर निखारा पाण्याने विझवा. तरीही धाप लागलीच, तर डॉक्टरांनी दिलेला पंप लगेच द्या आणि धूप पूर्ण थांबवा.